भाडेकरू पुढे आला

मासा टाकीतल्या दगडामागून निघाला, सरळ काचेशी आला आणि सारासोलाच्या समोर पर पसरून उभा राहिला. एवढंच झालं. एदगार्दो बेंतांकोर बिस्कोचोंची, म्हणजे छोट्या गोड पावांची, बशी घेऊन दारात आला होता, तो दारातच थांबला. सारासोला म्हणजे लास पिएद्रासचा निवृत्त दातांचा डॉक्टर, रविवारच्या बाजारातल्या मासेवाल्याने पाठवलेला आणि या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकणारा. गळ्यात लोकरी मफलर, काखेत थर्मास, हातात येर्बाची, म्हणजे इकडच्या कडू पाल्याच्या चहाची, तुंबी आणि तुंबीत ओढून प्यायची नळी, म्हणजे मोन्तेविदेओच्या रस्त्यावर दहा पावलांवर जो भेटेल तसाच एक. आणि मासा तर असा, की पाहुणा आला की जो दगडामागे जायचा तो पाहुणा जिना उतरेपर्यंत शेपूटसुद्धा दाखवायचा नाही. तळमजल्यावरच्या एल्बियाची नातवंडं एकदा तासभर काचेला नाकं लावून बसली आणि शेवटी ‘यात मासा नाहीच’ म्हणून निघून गेली. खुद्द एदगार्दो दर शनिवारी बाह्या सारून त्याचं पाणी बदलायचा, त्यालाही या माशाने कधी असं पुढे येऊन तोंड दाखवलं नव्हतं. सारासोला डावीकडे सरकला, मासाही डावीकडे सरकला. “अहो, हा तर मला ओळखतो,” सारासोला म्हणाला. शिवणाच्या मशीनपाशी उभी असलेली निदिया हसली. निदिया एदगार्दोची बायको; ती हसायची ती ओठांतल्या ओठांत, पण त्या दिवशी तिचे दात दिसले. सारासोलाने, एकाच तुंबीतून सगळ्यांनी प्यायच्या रिवाजाप्रमाणे, तुंबीत पाणी ओतून तिच्यापुढे धरली, तिने घेतली, नळी तोंडात धरून शेवटच्या घोटापर्यंत ओढली आणि परत दिली. एदगार्दोने बशी मशीनवर ठेवली. बिस्कोचो चांगले होते असं सारासोला नंतर म्हणाला, ते एदगार्दोच्या कानापर्यंत पोचलं नाही.

माशाचं नाव भाडेकरू. ते निदियाने ठेवलं होतं, कारण कोपऱ्यात राहतो, भाडं देत नाही आणि घरमालक दिसला की दार लावून घेतो. जातीने तो कास्तान्येता, इकडच्याच ओढ्यांतला. मिनासच्या बाजूला सहलीला गेले असताना निदियाने त्याला पिठाच्या चाळणीत पकडला होता, तेव्हा तो नखाएवढा होता. वर्षं गेली, एदगार्दोचे केस गेले, पण मासा काही वाढेना. बोटाएवढा झाला आणि तिथेच अडला. या जातीच्या नराच्या कपाळावर वयात आल्यावर टेंगूळ येतं, तेही याला आलं नाही. मागच्या उन्हाळ्यात अंगावर कापसासारखे ठिपके आले, तेव्हा बाजारातल्या मासेवाल्याने कारण सांगितलं. हा थंडीचा मासा आहे, म्हणाला, याला हिवाळा लागतो. वर्षातले काही महिने पाणी गार पडलं नाही तर हा धड वाढत नाही आणि फार जगतही नाही. आता एदगार्दोच्या इमारतीत हिवाळा नावाची गोष्टच नव्हती. मे संपला, इकडचा हिवाळा लागला, की तळघरातला बंब पेटायचा आणि सगळ्या मजल्यांची जमीन खालून तापायची. बंद करायला घरात खटका नाही. लोक जूनमध्ये बनियनवर बसून बाहेरच्या थंडीला नावं ठेवायचे, आणि भाडेकरू दगडामागे कोमट पाण्यात कधी न येणाऱ्या हिवाळ्याची वाट बघत बसायचा. सारासोलाच्या अंगणात उघडे हौद होते, त्यांत याच जातीच्या माद्या होत्या. मासा द्यावा असं एदगार्दोनेच सुचवलं होतं, आणि बंब पेटायच्या आत द्यावा असं ठरत आलं होतं. निदियाने ‘बघ, तुला वाटेल तसं’ एवढंच म्हटलं होतं. रविवारच्या त्या दुपारनंतर एदगार्दोला त्या चार शब्दांतही काहीतरी शिजल्याचा वास यायला लागला.

एदगार्दो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर चाकाला काच लावून बसायचं, हात आपोआप चालायचे आणि डोकं मोकळं राहायचं. संशयी माणसाला यापेक्षा वाईट नोकरी मिळणार नाही. मासेवाल्याचे शब्द त्याला आठवले: कास्तान्येता मासा माणूस ओळखतो, रोज बघितलेला माणूस विसरत नाही. रोज. म्हणजे एकदा बघून नाही. मग सारासोला बैठकीतून शिवणाच्या खोलीकडे कसा गेला ते आठवलं; कुठे जायचं ते विचारलंसुद्धा नाही. घरात खोल्या तीन आणि बोळ एक, विचारायचं काय, हे त्याला कळत होतं, पण कळूनही तो मुद्दा त्याने बाजूला काढून ठेवला. वसंतात निदियाची दाढ दुखत होती. कुठल्या डॉक्टरकडे गेली होती? त्याने तेव्हा विचारलं नव्हतं, आणि आता त्याला वाटलं की आपण न विचारावं म्हणूनच ती तेव्हा इतकी कण्हत होती. येर्बाचं पुडकंही हल्ली लवकर संपतं. तो स्वतः येर्बा पीत नव्हता; पोटात अल्सर निघाल्यापासून डॉक्टरांनी बंद केली होती आणि तो सकाळी दूध-कॉफी पिऊन मुकाट्याने कामावर जायचा. मग एकट्या बाईला एवढी येर्बा लागते कशाला? सुतावरून स्वर्ग गाठणारे लोक असतात. एदगार्दोने एका माशावरून गाठला. आणि मजा अशी की त्यात त्याला एक प्रकारचं सुखही होतं, हलणाऱ्या दाताला जीभ लावत राहण्यातलं. त्या आठवड्यात त्याने दोन काचा उलट्या घासल्या. मालक काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. मग मालकालाही काही माहीत असावं असं त्याला वाटलं.

बुधवारी तो घरी आला, तेव्हा निदिया खाली पावाच्या दुकानात गेली होती. स्वयंपाकघरात ओट्यावर तुंबी होती. त्याने हात लावून बघितला. तुंबी गरम होती. आणि हात तिथेच असताना त्याला दुरास्नो गावातलं लहानपणीचं घर आठवलं, बापाचे बूट, बापाचा हात. बाप गुरांच्या बाजारातून घरी आला की टोपी काढायच्या आधी तुंबीला हात लावायचा. गरम असली की आईकडे बघायचा: कोण आलं होतं? आई म्हणायची, कोणी नाही, मीच पीत होते. बाप थर्मास हलवून बघायचा, किती पाणी उरलंय ते. पुढे पुढे आई बाप यायच्या वेळेला तुंबी थंड पाण्यात बुडवून ठेवायला लागली. थंड तुंबी बघून बाप आणखीच पिसाळायचा: थंड केली म्हणजे काहीतरी लपवलंच. गरम असली तरी चोर, थंड असली तरी चोर. लहान एदगार्दोने तेव्हा टेबलाखाली बसून शपथ घेतली होती की आपण मोठे झालो की बायकोच्या तुंबीला हात लावायचा नाही. शपथा टेबलाखाली घेतल्या की टेबलाखालीच राहतात. त्याला स्वतःची शिसारी आली, आणि शिसारी आली तरी त्याने थर्मास उचलला आणि हलवून बघितला.

जेवताना त्याने गोष्टी आडून आडून काढल्या. दाढ आता बरी आहे का? निदिया म्हणाली, बरी आहे, ती बाई हाताची हलकी होती. बाई? हो, कोपऱ्यावरची ती तरुण डॉक्टर, तूच तर नाव सांगितलं होतंस. एदगार्दोला आठवलं की खरंच आपणच सांगितलं होतं, आणि हातातला एक दुवा निसटला म्हणून त्याला वाईट वाटलं. ते त्याचं त्यालाही विचित्र वाटलं. मग त्याने सारासोलाला फोन केला, माशाबद्दल बोलायला म्हणून. सारासोला म्हणाला की उशीर करू नका, तुमचा बंब पेटला की मासा पुन्हा मऊ पडेल, या हिवाळ्यात तो तग धरेल असं मला वाटत नाही. आणि फोन ठेवता ठेवता, बाईंना नमस्कार सांगा. हा नमस्कार सगळेच सांगतात, खाटीकसुद्धा सांगतो. एदगार्दोने तो घरी सांगितला नाही आणि दोन दिवस खिशात घालून फिरला.

शुक्रवारी पाऊस लागला. पाऊस लागला की निदिया पिठाच्या जाड पुऱ्या तळून साखर भुरभुरवायची. आजूबाजूच्या सगळ्या घरांतून तोच वास येत होता. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. पुरी तोडताना एदगार्दोला तो मिनासचा ओढा दिसला, गुडघाभर पाण्यात स्कर्ट वर खोचून उभी असलेली निदिया, हातात चाळणी, चाळणीत काहीतरी चमकणारं. तेव्हा ती अशीच हसली होती, दात दाखवून. ‘धरला रे, धरला,’ म्हणत ती एवढी हसली की तोल जाऊन पाण्यात बसली, पण चाळणी वर धरूनच बसली. म्हणजे तिच्यात ते हसू होतं. इतकी वर्षं होतं आणि त्याला मिळालं नव्हतं, आणि एका मफलरवाल्याला रविवारी दुपारी फुकट मिळालं. हे त्याला लागलं. मासा, दाढ, येर्बा या सगळ्यांपेक्षा हे लागलं. आणि जे लागलं ते न विचारता त्याने भलतंच विचारलं.

“तो आधी आला होता का इथे?”

“कोण?”

“सारासोला. मी नसताना.”

निदियाने झारा कढईवर आडवा ठेवला. तेल तडतडत होतं. तिने गॅस बंद केला, तेव्हा घर एकदम शांत झालं.

“हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मासा पुढे आला त्याला बघून.”

“मासा,” निदिया म्हणाली. नुसतं एवढंच. मग टेबलावरची साखर तळहाताने गोळा करत म्हणाली, “ऐक म्हाताऱ्या. मासा द्यायचा तर दे, नाही तर ठेव. मी तुला उत्तर देणार नाही. आज एक उत्तर दिलं की उद्या दुसरं द्यावं लागतं. तुझ्या आईने जन्मभर दिली, मी बघितलंय तिला.”

उत्तर दिलं नाही म्हणजे उत्तर आहे, असं एदगार्दोने धरलं. दुसऱ्या दिवशी त्याने सारासोलाला कळवलं की मासा द्यायचा नाही. सारासोला गप्प झाला, मग म्हणाला, तुमचा मासा आहे. त्याच्या गप्प होण्यातही एदगार्दोला बरंच काही ऐकू आलं. घरातलं एक माणूस चाललंच असेल तर निदान मासा तरी जाऊ नये, असा काहीतरी हिशेब होता. नीट मांडला असता तर त्याचा त्यालाच पटला नसता, म्हणून त्याने मांडला नाही. सोमवारी बंब पेटला. जमीन कोमट झाली, मग गरम. भाडेकरू दगडामागून वर आला खरा, पण पर आवळून, पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत राहिला. एदगार्दो ते बघत होता. हे आपण करतोय हे त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी तो फोनकडे गेला नाही. निदिया रोज सकाळी, तो कामावर गेल्यावर, त्या खोलीत बसायची. ती काय बघायची, काय म्हणायची, त्याला माहीत नव्हतं. आठवडाभर दोघं ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ एवढंच बोलली. गुरुवारी तिने मोठी पिशवी भरली. पांदो गावी बहिणीकडे जाते, म्हणाली. किती दिवस ते बोलली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही, कारण आता काहीही विचारलं तरी ते तेच विचारणं झालं असतं.

शनिवारी सकाळी घर त्याला मोठं वाटलं. पाणी बदलायचं होतं, पण हात लागेना. ओट्यावर तिची तुंबी होती, शेजारी तिचा जुना तांबडा थर्मास, बुडाशी पोचा आलेला. थर्मास नेला नाही. या देशातली बाई थर्माससाठी बसमधून परत उतरते आणि ही तो विसरून गेली. याचा अर्थ ती लवकर येणार, की एवढ्या घाईत गेली की हेही सुचलं नाही? दोन्ही अर्थ त्याने आळीपाळीने घालून बघितले, दोन्ही अंगाला बसले. मग त्याला या सगळ्याचा कंटाळा आला. अल्सर गेला खड्ड्यात, असं म्हणून त्याने पाणी तापवलं, तुंबीत येर्बा भरली, थर्मास भरला आणि जुन्या सवयीने काखेत मारला. काखेला तो आकार अजून पाठ होता. एका हातात तुंबी घेऊन तो शिवणाच्या खोलीत गेला, तिच्या खुर्चीवर बसून ती काय बघते ते बघावं म्हणून.

मासा पुढे आला. आवळलेले पर उघडत, धापा टाकत, पण आला. सरळ काचेशी, एदगार्दोच्या समोर. एदगार्दोला आधी आनंदच झाला, मूर्खासारखा. इतक्या वर्षांनी याने मला ओळखलं. तो डावीकडे सरकला, मासा डावीकडे सरकला. मग त्याची नजर स्वतःच्या काखेकडे गेली. त्याने थर्मास मशीनवर ठेवला आणि तो दुसऱ्या टोकाला गेला. मासा त्याच्याकडे आला नाही. मासा मशीनसमोर उभा राहिला, थर्मासकडे तोंड करून. एदगार्दोने थर्मासवर शिवणाचं कापड टाकलं. मासा थोडा वेळ घुटमळला आणि दगडामागे गेला. कापड काढून थर्मास काखेत मारला, आला. रोज सकाळी तो कामावर गेल्यावर निदिया काखेत थर्मास मारून यायची, एका हाताने टाकीचं झाकण उघडायची, चिमूटभर खाणं टाकायची आणि इथे बसून आपली येर्बा प्यायची. माशाच्या लेखी खाणं म्हणजे काखेतला थर्मास. माणूस त्याच्यामागे कोणीही असो. आणि एदगार्दोकडे अल्सरपासून थर्मासच नव्हता. माशाच्या लेखी तो म्हणजे शनिवारची पाणी उपसायची नळी आणि ओली बाही. त्याने सारासोलाचा थर्मास आठवून बघितला, कसला होता, कुठल्या रंगाचा. मफलर आठवला, बूट आठवले, पुढचा सोन्याचा दात आठवला. थर्मास आठवेना. सगळ्यांच्याच काखेत असतो तो, बघतं कोण? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात; इथे कळसा दुसऱ्याच्या काखेत होता आणि वळसा घालून घालून याचे पाय मोडले होते.

तो एकटाच मोठ्याने हसला. त्याला रडूही आलं, तेही त्याने येऊ दिलं. तिला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं म्हणून त्याने पांदोला फोन लावला. बहीण म्हणाली, निदिया बाहेर गेलीय. कुठे, हे त्याच्या ओठांवर आलं. ओठांवर आलं याचीच त्याला इतकी भीती वाटली की त्याने फोन घाईने ठेवला.

निदिया त्याच संध्याकाळी आली. त्याने तिला कोटसुद्धा काढू दिला नाही, खुर्चीवर बसवलं आणि जादूचे प्रयोग करणाऱ्यासारखा सगळा खेळ करून दाखवला: थर्मास काखेत, मासा पुढे, थर्मास कापडाखाली, मासा गायब. बघितलंस? थर्मास होता, निदिया. नुसता थर्मास होता. तिने मांडीवर पिशवी धरून सगळं बघितलं. मधे एकदा, मासा पुढे आला तेव्हा, तिचा चेहरा मऊ झाला. एदगार्दो दमून थांबला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. परीक्षेत पास झालेलं मूल आईकडे बघतं तसा.

“आणि मासा आला नसता तर?” निदियाने विचारलं.

त्याने शिवणाचं कापड घडी घालून मशीनवर ठेवलं. जमीन पायाखाली गरम होती.

“भाडेकरूला देऊन टाक,” ती म्हणाली. “हिवाळा मिळू दे त्याला. आणि रोज सकाळी मी त्याच्याशी बोलायचे. आता बोलले तर वाटत राहणार, हा तुला सांगेल.”

रविवारी सारासोला बादली घेऊन आला. दाराशीच एदगार्दोने त्याच्या काखेकडे बघितलं. थर्मास हिरवा होता, निदियाच्या थर्मासपेक्षा उंच. मासा त्यालाही बघून पुढे आला. त्यामुळे धरायला काहीच त्रास झाला नाही. थर्मासकडे बघत असतानाच तो जाळीत आला. सारासोला म्हणाला, उशीर झालाय, पण गार पाणी मिळालं तर सावरेल बहुतेक. वसंतात दोघं या, कपाळावर टेंगूळ आलेलं बघायला. एदगार्दोने त्याला मनापासून, जरा जास्तच मनापासून, बसा म्हटलं. बादलीवर ओलं फडकं टाकून सारासोला बसला, त्याने तुंबीत पाणी ओतलं आणि रिवाजाप्रमाणे आधी निदियापुढे धरली.

निदियाचा हात पुढे गेला. तिने एदगार्दोकडे बघितलं. एदगार्दो दुसरीकडे बघत होता. तुंबीकडे, नळीकडे, तिच्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवून रिकाम्या काचेतल्या दगडाकडे बघत होता, आणि त्याची मान ताठ झाली होती. तिला ती मान दिसली. तिने हात मागे घेतला.

“नको, डॉक्टर,” ती म्हणाली. “मला चालत नाही. अल्सर आहे.”

सारासोला बरं म्हणाला आणि ती तुंबी स्वतःच प्यायला.